तंजावरचा सातबारा

तंजावरला जाणारा मराठी माणूस पर्यटक नसतोच. तो सातबारा बघायला निघालेला असतो. आपलं राज्य होतं म्हणे तिकडे. मग त्यातलं कितपत शिल्लक आहे, कुणी बांध कोरलाय का, हे जातीनं पाहायला नको? आमचे मामा नेमक्या याच भावनेनं निघाले होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आणि इतिहासाची आवड हे मिश्रण मुळातच ज्वालाग्राही. त्यात त्यांनी गाडीत वाचायला भोसले घराण्याची वंशावळ घेतलेली. तिच्यात शहाजी दोन, सरफोजी दोन, आणि एकोजी म्हणजेच व्यंकोजी, पण पुढे आणखी एक एकोजी. त्रिची येईपर्यंत पुस्तकाचे सगळे समास मामांच्या बाणांनी भरून गेले होते.

ट्रॅव्हल कंपनीबरोबर जायचं नाही, हा हट्ट माझा. कंपन्यांच्या दक्षिण सहलीत तंजावर म्हणजे मोठं देऊळ, फोटो, लघुशंका आणि पुढे मदुराई. राजवाड्यातला संग्रह, हस्तलिखितं, मूर्ती यांना त्या कार्यक्रमात जागा नसते, कारण सातच्या आत मुक्कामाला पोचून पिठलं-भाकरी वाढायची असते. मामांना पिठलं सोडवेना. शेवटी "आपल्याच राज्यात आपण दुसऱ्याच्या शिट्टीवर फिरायचं?" एवढं एकच वाक्य मी टाकलं आणि मामा स्वतंत्र झाले.

त्रिचीहून तंजावर साठेक किलोमीटर. बसमध्ये मामांनी कंडक्टरला शुद्ध हिंदीत आपण कोण, कुठले आणि कोणत्या ऐतिहासिक नात्यानं आलो हे सांगितलं. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडून दिली.

"बघ, समजलं त्याला," मामा म्हणाले.

"मामा, बस तंजावरलाच चाललीय. तो सगळ्यांना तेच तिकीट देतोय."

वाटेत मला १६७७ सालची हकिकत ऐकावी लागली. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले, तेव्हा त्यांनी सावत्र भावाला, व्यंकोजीराजांना, भेटायला बोलावलं आणि वडिलांच्या मिळकतीतला निम्मा हिस्सा मागितला. व्यंकोजी आले, पाहुणचार घेतला, आणि एका रात्री कोल्लिडम नदी ओलांडून गुपचूप तंजावरला निघून गेले. मामांचा स्वतःच्या थोरल्या भावाशी कोकणातल्या वाडीवरून वाद चालू आहे. त्यामुळे हा प्रसंग ते इतिहासकाराच्या तटस्थतेनं सांगू शकत नाहीत. "हिस्सा मागितला की पळतात," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. बाहेर भाताची शेतं होती, नजर पोचेल तिथवर. एवढी जमीन असल्यावर मीसुद्धा पळालो असतो.

मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर, राजराज चोळानं बांधलं. १०१० साली पुरं झालं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, २१६ फूट उंच. हे आकडे देवळात शिरण्याआधी वाचावेत, कारण आत गेल्यावर मान मागे टाकूनही शेवटचा मजला दिसेपर्यंत आकडे डोक्यातून गळून पडतात. आमच्यामागे एक वाटाड्या लागला होता. त्यानं सगळ्यांना सांगतात तेच आम्हालाही सांगितलं, की या विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही. हे तो सावलीत उभा राहून सांगत होता. मीही सावलीतच होतो. दुपारची वेळ, पायात चप्पल नाही, फरशी ग्रॅनाइटची, आणि सावलीची हद्द सोडायला आम्ही दोघंही तयार नव्हतो. पलीकडे उन्हात उतरलेला एक धीट पर्यटक भरतनाट्यमचे काही प्राथमिक धडे गिरवत होता.

मामा मात्र चटके सोसत भिंतीकडे गेले होते, कारण तिथे त्यांचा सातबारा होता. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास देवळाच्या भिंतीवर मराठीत, देवनागरीत कोरून घेतला आहे. भिंतच्या भिंत. आजूबाजूला सगळीकडे तमिळ आणि मध्येच आपलं अक्षर दिसलं की छाती फुगते, हे मी नाकारत नाही. मामांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जुनी वळणं, झिजलेली अक्षरं, त्यामुळे मामा एकेक शब्द लांबवत, सूर लावत पुढे सरकत होते. हळूहळू मागे माणसं जमली. सोवळ्यासारखा पंचा खांद्यावर टाकलेला एक वयस्क गृहस्थ भिंतीवरचं काहीतरी सुरात म्हणतोय, म्हणजे स्तोत्रच असणार. एका आजींनी हात जोडले. त्यांचं पाहून सुनेनं जोडले. मामा शहाजीराजांपर्यंत पोचले तेव्हा निदान दहा-बारा भाविक भोसल्यांच्या वंशावळीपुढे नतमस्तक होते.

पण गंमत पुढेच आहे. त्याच देवळाच्या दगडांवर राजराजाचेही लेख आहेत, आणि त्यानं काय कोरून ठेवलंय? देवळात आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, आणि कुणी कोणत्या गल्लीत कितव्या घरात राहायचं याचा पत्ता. शिवाय गवई, शिंपी, परीट, हिशेबनीस, छत्री धरणारे, आणि कुणाला वर्षाला किती भात मिळेल ते. वाटाड्यानं हे सांगितलं आणि मामा थबकले. बँकेत त्यांनी आस्थापना विभाग सांभाळलेला.

"अरे, हा पगारपट आहे!"

"हो."

"हजार वर्षांपूर्वीचा? दगडावर? म्हणजे नंतर खाडाखोड नाही?" त्यांच्या आवाजात जो आदर होता, तो वंशावळ वाचताना नव्हता. मला स्वतःला असं वाटतं, की भिंतीवर आपले पूर्वज कोरणाऱ्या राजापेक्षा परटाचा पगार कोरणारा राजा जास्त निर्धास्त असावा. अर्थात हे मी मामांना तिथे बोललो नाही. परतीचं तिकीट त्यांच्या खिशात होतं.

राजवाडा आधीच्या नायक राजांनी सुरू केला, मराठ्यांनी वाढवला, आणि आता त्यात इतकी निरनिराळी दालनं आहेत की प्रत्येक दाराशी आपण नव्यानं पाहुणे होतो. दरबाराचं तिकीट वेगळं, मूर्तींचं वेगळं. "स्वतःच्या वाड्यात शिरायला तिकीट!" असं मामा पहिल्या खिडकीशी म्हणाले. दुसऱ्या खिडकीशी नुसताच सुस्कारा. पुढे पुढे सुट्टे काढून तयार असायचे. एका मनोऱ्यात देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. राजवाड्यात देवमासा का, हा प्रश्न तंजावरात कुणाला पडत नाही. मोठा आहे आणि जागा होती, एवढं पुरेसं आहे.

या सगळ्याचा खरा मालक कुणी असेल तर तो दुसरा सरफोजी. हा राजा १७९८ साली गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्याचा कारभार काढून घेऊन त्याला किल्ला आणि तनखा ठेवला. दुसरा कुणी असता तर हुक्का घेऊन बसला असता. यानं पुस्तकं जमवली, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या, देवनागरी छापखाना घालून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, आणि स्वयंपाकावर मराठीत 'सरभेंद्र पाकशास्त्र' लिहून घेतलं. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यानं एवढं वाढवलं, की आज तिथल्या हजारो हस्तलिखितांमुळे जगभरचे अभ्यासक तंजावरला येतात. कारभार हातातून गेल्यावर माणूस किती काम करू शकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण निवृत्त मंडळींना मिळायचं नाही. मी हे मामांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "तनखा किती होता?"

ग्रंथालयाच्या छोट्या संग्रहालयात मात्र मामा जे रमले ते हलेनात. तिथे शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं आहेत. हा सतराव्या शतकातला माणूस, चौदाव्या लुईचा चित्रकार. माणसाचा चेहरा कोणत्या जनावरासारखा दिसतो हे त्यानं शेजारी शेजारी काढून दाखवलंय. घुबड आणि घुबडासारखा माणूस, उंट आणि उंटासारखा माणूस. पॅरिसमधल्या एका चित्रकाराला सुचलेली ही कुचाळकी तंजावरच्या मराठी राजानं मागवून का ठेवली असेल? त्यालाही भाऊबंद होतेच. मामा उंटापाशी थांबले आणि त्यांनी माझा दंड धरला.

"दादा!"

खरोखर, वाडीचा हिस्सा न देणारे त्यांचे थोरले बंधू, तोच ओठ, तीच मान. दालनात इतर लोकही आपापले नातेवाईक शोधत होते. एक तरुण जोडपं घुबडापाशी हसू दाबत उभं होतं. बायकोनं नवऱ्याच्या कानात एक नाव सांगितलं, आणि ते सासरकडचं होतं हे समजायला तमिळ यायची गरज नव्हती.

मूर्तींचं दालन आम्ही शेवटी ठेवलं होतं. तिथे चोळांच्या कांस्यमूर्ती आहेत, आणि त्यांत तिरुवेंकाडूहून आलेला एक शंकर आहे. १०११ सालचा. डोक्यावर जटांचा आणि सापांचा फेटा बांधलाय, एक पाय दुसऱ्यावर टाकलाय, आणि हाताचं कोपर नंदीवर टेकलंय. फक्त नंदी नाही. नुसती हवा आहे, आणि त्या हवेवर तो हजार वर्षं इतका आरामात रेलून उभा आहे, की थोड्या वेळानं बैल दिसायला लागतो.

"नंदी कुठाय?" मामांनी विचारलं.

"सापडला नाही."

"म्हणजे काय? मोठ्या देवळात एवढा प्रचंड नंदी बसलाय. नंदी तिकडे, शंकर इकडे. दोन खात्यांचा समन्वय नाही, दुसरं काय."

तो देवळातला नंदी दगडाचा, नायकांच्या काळातला, आणि या शंकराच्या कित्येक पट मोठा, हे सांगून मी मामांचा शोध खराब केला नाही. ते आता वेगळ्याच उद्योगात होते. शंकर उभा राहतो कसा, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, एक पाय दुसऱ्यावर टाकला, कोपर हवेत टेकवलं आणि सरळ माझ्या अंगावर आले. पुन्हा प्रयत्न. पुन्हा मी. तिसऱ्या खेपेला दालनाचा रखवालदार उठून आला. मला वाटलं, आता बाहेर. पण त्यानं मामांच्या कमरेला एका बोटानं हलकंसं ढकललं, गुडघा किंचित वाकवायला लावला, आणि मामा क्षणभर, अगदी क्षणभर, उभे राहिले. सगळा भार एका पायावर, कंबर एका बाजूला, खांदे सैल. रखवालदारानं समाधानानं मान हलवली. मग ते पुन्हा माझ्या अंगावर आले.

त्यानंतर मामा त्या मूर्तीसमोर बराच वेळ बोलले नाहीत. सहलीच्या बसमध्ये हा वेळ मिळाला नसता. भोंगा वाजला असता.

मूर्ती अजूनही तशाच घडतात. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला आम्ही एका स्थपतींच्या कामशाळेत गेलो. आधी मेणाची मूर्ती, मापासाठी नारळाच्या झावळीची पट्टी घड्या घालून. मग तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर, मग भट्टी. मेण वितळून जातं, त्या पोकळीत धातू ओततात, आणि साचा फोडून मूर्ती काढतात. साचा फुटतो, म्हणून एकीसारखी दुसरी नाही.

"दोन घेतल्या तर काही कमी?" मामांनी विचारलं. स्थपती हसले. त्यांना हिंदी येत नव्हतं, पण काही प्रश्न सर्वत्र ओळखू येतात.

संध्याकाळी तंजावरात कॉफी पिताना, डबऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात ओतण्याचा मामांचा सराव चालू असताना, शेजारच्या टेबलावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी आमचं बोलणं ऐकून मराठीत चौकशी केली. चाल तमिळ, शब्द जुने, पण मराठीच. घरात बोलतात म्हणाले. मामांना भरून आलं. आता त्यांना सांबाराचा विषय काढल्याशिवाय राहवेना: संभाजीराजांच्या सन्मानार्थ तंजावरच्या मुदपाकखान्यात झालेली आमटी म्हणजे सांबार, ही गोष्ट पुण्यात तरी सर्वमान्य आहे. गृहस्थ म्हणाले, "अशी गोष्ट सांगतात खरी." पुरावा त्यांनीही दाखवला नाही आणि मामांनीही मागितला नाही.

"मग तुम्ही लोक आता परत कधी येणार तिकडे?" मामांनी मायेनं विचारलं.

"कुठे परत?" ते गृहस्थ खरोखरच गोंधळले. "साडेतीनशे वर्षं झाली की इथे."

बरोबरच आहे. त्यांचे राजेही इथे आले ते इथलेच झाले. व्यंकोजींच्या शहाजीनं नाटकं लिहिली ती तेलुगूतही, कारण नायकांच्या काळापासून दरबारात तेलुगूचा मान होता. आलेल्या घरची रीत त्यांनी उचलली, वर आपली थोडी मिसळली. उतारा मागायला जातो तो आपणच. आणि ज्या शंकरासाठी तंजावरला जावं, तो भोसले तिथे पोचण्याआधी साडेसहाशे वर्षं उभा आहे. त्याच्यात आपला हिस्सा शून्य. मामांना हे मी परतीच्या बसमध्ये सांगितलं. ते मांडीवर तंजावरची मान डोलावणारी बाहुली घेऊन बसले होते. बाहुलीनं मान डोलावली. मामांनी नाही.

तर जाणार असाल तर स्वतःच्या पायांनी जा आणि दोन दिवस तरी ठेवा. देऊळ सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर बघा, दुपारी पायमोजे जवळ असू द्या. राजवाड्यात सुट्टे पैसे न्या. मूर्तींचं दालन आमच्यासारखं शेवटी न ठेवता आधी बघा, पाय ताजे असताना. त्या शंकरासारखं उभं राहून बघायचा मोह होणारच आहे. आणि हॉटेलात सांबार मागवा, पुन्हा मागवा, पण ते कुणाचं हे विचारू नका.