सह्याद्री दिसण्यासाठी सह्याद्रीकडे पाठ करा

सह्याद्री वाहिनी अडखळू लागली, पडद्यावर चौकोन उमटू लागले, निवेदिकेची हनुवटी या बातमीत आणि डोळे आधीच्या बातमीत राहू लागले, तर पहिली सूचना अशी की टीव्हीला थापड मारू नये. थापडेने गुण येण्याचा काळ पिक्चर ट्यूबबरोबर गेला. सपाट टीव्हीला मारल्यास फक्त नवा टीव्ही येतो, तोही हप्त्यावर.

ही मार्गदर्शिका जत, उमदी, संख, माडग्याळ, बिळूर, डफळापूर आणि परिसरातील डीडी फ्री डिशधारकांसाठी आहे. कोकणातल्या वाचकांनी कोन तेवढे बदलून घ्यावेत आणि पावसाचा परिच्छेद पाचपट मोठा आहे असे धरून चालावे.

आधी दिशा. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू येथून तो सोडला गेला आणि विषुववृत्तावर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठाण मांडून बसला. जतहून पाहता तो आग्नेयेला येतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास १३२ अंशांच्या आसपास. वास्तुशास्त्रात आग्नेय स्वयंपाकघराची, त्यामुळे चुलीच्या बाजूला छत्री बसवली की दोन्ही शास्त्रे राजी राहतात.

अडचण पुढे आहे. जतच्या गच्चीवर आग्नेयेला तोंड करून उभे राहिले की समोर तिकोटा आणि सगळा विजयपूर जिल्हा येतो. १३२ च्या बरोबर उलट ३१२, आणि त्या दिशेला जवळपास नेमकी मुंबई. म्हणजे कार्यक्रम वरळीच्या दूरदर्शन केंद्रात तयार होणार, मुख्यमंत्री मुंबईत बोलणार, आणि ते ऐकायला आपण मुंबईकडे पाठ करून कर्नाटकाकडे छत्री पसरायची. डोंगर असलेला सह्याद्रीही पाठीमागेच. याला तांत्रिक इलाज नाही. उपग्रह सीमाप्रश्न सुरू झाल्यानंतर वर गेला, पण बसवताना कुणी जतकरांना विचारले नाही.

यावरून गैरसमज होऊ शकतो, म्हणून खुलासा करणे आवश्यक आहे. २०१२ साली पाण्यासाठी तालुक्यातल्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या ठरावांकडे बोट दाखवून जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला, आणि मुंबईला अचानक जत नकाशावर सापडले. गावोगावच्या छत्र्याही गेली कित्येक वर्षे विजयपूरकडे टक लावून आहेत, हा पुरावा मात्र दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटला. तरी भेटीला आलेल्या पुढाऱ्याने गच्चीकडे पाहून भुवया उंचावल्यास त्याला शांतपणे सांगावे: ‘साहेब, त्या छत्रीत सह्याद्रीच लागतंय.’ चंदनाही लागते, हे विचारल्याशिवाय सांगू नये. एकाच छत्रीतून मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही फुकट घरात येतात. त्यामुळे घरापुरता सीमाप्रश्न रिमोट कुणाच्या हातात आहे एवढ्यावर सुटतो, आणि तो बहुधा आजीच्या हातात असतो.

दिशेनंतर उंची. जतहून उपग्रह क्षितिजापासून साधारण ६१ अंशांवर आहे, म्हणजे चांगलाच डोक्यावर. पण म्हणून छत्री आभाळाकडे उताणी टाकू नये. घरगुती छत्र्या ऑफसेट जातीच्या असतात. त्या दिसायला जिकडे बघतात त्याहून पंचवीसेक अंश वरचे ऐकतात. त्यामुळे नीट लावलेली छत्री समोरच्या शेतावरच्या ढगाकडे बघत असल्यासारखी वाटते. तिथे उपग्रह नाही म्हणून कुणी जाणता शेजारी तिला वर उचलू लागला, तर त्याला चहाला खाली बोलवावे.

एलएनबी, म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावरचा डोळा, तोही सरळ बसवून चालत नाही. आपण उपग्रहाच्या रेखांशापासून पश्चिमेला १८ अंश सरकलेले असल्याने त्याच्या उभ्या लहरी आपल्याकडे तिरक्या उतरतात. जतसाठी हा तिरपेपणा ४५ अंशांच्या जवळपास जातो. क्वालिटी वाढेपर्यंत एलएनबी त्याच्या पकडीत दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवावा. मान वाकडी झालेला एलएनबी बघून घरातले काही तरी बोलतील. बोलू द्यावे.

आता संपर्कयंत्रणा. वर छत्री धरायला घरातला सर्वात हलका मुलगा, खिडकीत आई, टीव्हीपुढे आजी अशी मांडणी करावी. पूर्व भागात संवाद साधारण असा चालतो:

‘आई, आलं का गं?’

‘थांब की. अत्ती, बंतेन्री?’

‘बंतु! बंतु!’

‘आलं म्हणत्यात!’

‘होतु.’

‘गेलं रं.’

या दोन भाषांच्या प्रवासात मुलाने छत्री आणखी बोटभर सरकवलेली असते. त्यात डब्याला सिग्नल पकडून चित्र लावायलाच काही सेकंद जातात. म्हणून नियम असा: छत्री अगदी केसभर हलवायची, पाच आकडे मोजायचे, मगच ओरडायचे. केसभर हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. छत्रीचा एक अंश तिकडे वर सहाशे किलोमीटरांहून अधिक होतो, आणि दीडच अंश पुढे, ९५ वर, पैसे घेणाऱ्या वाहिन्यांची वसाहत आहे. थोडा जोर जास्त लागला की पट्ट्या भरतात, आजी हरखते आणि दिसत मात्र काहीच नाही.

पट्ट्यांविषयी. डब्याच्या पडद्यावर स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या येतात, आणि सारा गाव पहिलीवर भाळतो. स्ट्रेंग्थ म्हणजे सभेची गर्दी, क्वालिटी म्हणजे मतपेटी. स्ट्रेंग्थ भरलेली दिसली तर तार आणि एलएनबी जिवंत आहेत एवढेच कळते. उपग्रह सापडला की नाही ते क्वालिटी सांगते. क्वालिटी शून्य आणि स्ट्रेंग्थ भरगच्च, तर छत्री चुकीकडे बघते आहे. दोन्ही शून्य, तर वर चढण्याआधी तार तपासावी. डबा त्याच तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. तार तुटली की वरचा डोळा उपाशी मरतो. तार मध्येच पिरगाळून चिकटपट्टीने जोडलेली असेल तर रोग तिथेच आहे. जोड काढून सलग तार टाकावी. पिनेत पाणी शिरून तांबे हिरवे पडले असेल तर टोक छाटून नवी पिन बसवावी. तपासणीत निम्म्याहून जास्त वेळ इथे घालवावा. लोक नेमका उलटा घालवतात, कारण छत्री हलवण्यात पराक्रम आहे आणि पिन छाटण्यात नाही.

पाऊस. अकरा गिगाहर्ट्झच्या लहरी पावसाच्या थेंबांत जिरतात, त्यामुळे जोराची सर आली की चित्र जाते. जत पर्जन्यछायेत आहे. अशा वेळी तक्रार करू नये, पडवीत येऊन बसावे आणि सर लांबावी अशी इच्छा करावी. तालुक्यात हा एकच बिघाड असा आहे की जो दुरुस्त होऊ नये असे सर्वांना वाटते. तसेही उपग्रहाचा सिग्नल ३६ हजार किलोमीटर उतरून सेकंदाच्या आठव्या भागात बिळूरला पोचतो. म्हैसाळच्या कृष्णेला त्याच तालुक्याच्या पूर्व भागात पोचायला किती दशके लागली ते जाणकारांना ठाऊक आहे.

पाऊस नसताना, लख्ख उन्हात, सकाळी अकराच्या सुमाराला काही मिनिटे चित्र गेले आणि महिना मार्च असेल तर घाबरू नये. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर सरताना काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. या दोषाचा उपयोगही आहे. त्या दिवसांत त्या वेळेला छत्रीच्या जागी ऊन पडत असेल, तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. सावली पडत असेल, तर ती ज्याची आहे तोच गुन्हेगार.

बहुधा तो लिंब असतो. छत्री बसवली तेव्हा गुडघ्याएवढा, आता माळवदाच्या वर. उपग्रह ६१ अंशांवर असल्याने झाड दहा फुटांवर असेल तर छत्रीपेक्षा अठरा फूट उंच झाल्यावरच आडवे येते. म्हणजे दोष देण्याआधी मोजावे. आडवे येतच असेल तरी जतसारख्या तालुक्यात मालिकेसाठी लिंब तोडणे हा या मार्गदर्शिकेला मान्य नसलेला उपाय आहे. छत्री सहा फूट सरकवावी. लिंब सरकत नाही.

शेवटचा प्रकार सर्वात फसवा. बाकी सगळे स्वच्छ दिसते, एकच आवडती खासगी वाहिनी गायब. इथे गच्चीवर मुळीच चढू नये. फ्री डिशवरची खासगी वाहिन्यांची जागा प्रसार भारती लिलावात विकते आणि वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ज्याने बोली लावली नाही तो उतरतो. १ मार्च २०१९ ला स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते अशा मोठ्या घरच्या वाहिन्या एकदमच उतरल्या होत्या. त्या दिवशी किती निष्पाप छत्र्यांच्या माना पिरगाळल्या गेल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. सह्याद्री आणि चंदना दूरदर्शनच्या घरच्या, त्यांना बोली लावावी लागत नाही. अशा वेळी रिमोटने डब्याला ऑटो स्कॅन करायला सांगावे. तरी न सापडल्यास ती वाहिनी एमपेग-४ मध्ये गेली आहे का ते दुकानदाराला विचारावे. जुना डबा ती उघडू शकत नाही.

चित्र स्थिर झाले की हात मागे घेण्यापूर्वी सगळे नट आवळावेत, कारण ज्या वाऱ्यावर तालुक्यातल्या पवनचक्क्या चालतात तोच आषाढात छत्रीवर येतो. आवळताना छत्री थोडी सरकतेच, म्हणून आजीला टीव्हीपुढून उठू देऊ नये. मग दांड्यावर आणि पकडीवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या वेळी किती फिरली ते दिसेल. पाना शेजाऱ्याचा असल्यास त्याच दिवशी परत करावा. वारा त्यांच्या गच्चीवरही तोच आहे.