पेट्रोलराव, तुम्ही बाहेरच बरे!

श्री. रा. रा. पेट्रोलराव यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, स्कूटर सर्व्हिसिंगचं बिल समोर आहे. इंजिन ऑइलवर जीएसटी, ब्रेक शूवर जीएसटी, मजुरीवर जीएसटी. गाडी घेतली तेव्हा तिच्यावरही होताच. एवढ्या गोतावळ्यात सोवळे राहिलात ते एकटे तुम्ही. पंपाच्या पावतीवर त्याचा मागमूस नाही. म्हणून म्हटलं, जाहीर अभिनंदन करावं.

३० जून २०१७ ची ती मध्यरात्र आपल्या स्मरणात असेलच. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये ‘एक देश, एक कर’ अवतरला. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि सेवा कर, राज्यांचा व्हॅट आणि प्रवेश कर असे नामवंत एका रात्रीत बहुतेक वस्तूंपुरते इतिहासजमा झाले. आमच्या मुंबईची जकातही गेली. मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लावणारी ही बाई महापालिकेची सर्वांत मोठी कमावती होती. ती गेल्यावर महापालिकेला दरमहा भरपाई द्यायला राज्याला वेगळा कायदा करावा लागला. राज्यांनी कर बसवण्याचा आपला अधिकार सामाईक पेटीत टाकला, तोही पाच वर्षं वार्षिक १४ टक्के वाढीची हमी घेऊन. आपण मात्र जागचे हलला नाहीत.

तसं कागदोपत्री आपल्याला आमंत्रण आहे. कच्चं तेल, डिझेल, पेट्रोल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन या पाच भावंडांना जीएसटी कधीपासून लागेल, ती तारीख जीएसटी परिषद सुचवेल, असं राज्यघटनेच्या कलम २७९अ मध्ये लिहून ठेवलंय. पांडवही पाचच होते. पण ते वनवासात गेले तेव्हा हस्तिनापूरचा खर्च त्यांच्या जिवावर चालत नव्हता. गंमत अशी की, त्याच रिफायनरीत जन्मलेले रॉकेल आणि स्वयंपाकाचा गॅस पहिल्याच दिवशी आत गेले. एकाच पिंपातून निघालेल्यांपैकी अर्धे आत नि अर्धे बाहेर! रिफायनरीच्या हिशेबनिसाचे काय हाल होत असतील ते त्यालाच ठाऊक.

आपण बाहेर का, हे आम्हाला कळत नाही असं समजू नका. बाकी बहुतेक दरांसाठी राज्याच्या अर्थमंत्र्याला परिषदेत हात वर करून बसावं लागतं. आपल्यासाठी फक्त एक अधिसूचना लागते. २०१५ साली दुष्काळ पडला, आपल्यावर लिटरमागे दोन रुपये बसले. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, तिजोरीला खड्डा पडला आणि आपल्यावरचा अधिभार सहाचा नऊ रुपये झाला. म्हणजे पिणारा थांबला, तर भुर्दंड स्कूटरवाल्याला! ‘एक देश, एक कर’ असताना एकट्या महाराष्ट्रात आपल्याला दोन दर होते, मुंबई-ठाणे-नवी मुंबईसारख्या शहरांना एक आणि बाकीच्यांना दुसरा. ते एक व्हायला जुलै २०२४ उजाडला.

राज्यंच लोभी, असंही म्हणवत नाही. केंद्राची तऱ्हा पाहा. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर आपल्यावर लिटरमागे केंद्राचे ३२ रुपये ९० पैसे होते. त्यात राज्यांशी वाटून घ्यावं लागणारं मूळ उत्पादन शुल्क किती? १ रुपया ४० पैसे. बाकी सगळं उपकर आणि अधिभार या नावांखाली, म्हणजे वाटपाच्या पंगतीबाहेर. मग राज्यांनी आपल्याला सोडावं तरी का?

त्यामुळे एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे पक्ष आपल्या बाबतीत कसे गुण्यागोविंदाने नांदतात! परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश, राज्यांचं मिळून दोनतृतीयांश आणि ठराव व्हायला तीनचतुर्थांश लागतात. लॉटरीच्या दरावरून डिसेंबर २०१९ मध्ये या परिषदेत पहिल्यांदा मतदान झालं. आपल्यासाठी तेवढीही तसदी पडली नाही. केरळ उच्च न्यायालयाने विचारणा केली म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत आपला विषय निघाला आणि ‘अजून वेळ आलेली नाही’ म्हणून मिटला. विरोधात असताना आपल्याला जीएसटीत आणा म्हणून बैलगाडी मोर्चा काढायचा आणि सत्तेत आल्यावर बैल सोडून द्यायचे, हा रिवाज सर्वपक्षीय आहे.

आपले बंधू डिझेलराव यांनाही आमचा नमस्कार कळवा. करावर कर चढू नये म्हणून तर जीएसटी आला. नाशिकच्या ताज्या कांद्यावर जीएसटी शून्य. पण ट्रकच्या डिझेलवर भरलेल्या कराची वजावट कुठेच मिळत नाही, तो कांद्याबरोबर वाशीच्या बाजारात उतरतो आणि तिथून आमच्या पिशवीत. आधी केंद्राचा कर, मग तो धरून झालेल्या किमतीवर राज्याचा टक्का, ही जुनी रीत बंधूंनी आपल्याबरोबर निष्ठेने जपली आहे.

एक मात्र मनापासून सांगतो. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी गोव्यात आपल्यावरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला आणि आपण लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरलात. असं काही एखाद्या मुख्यमंत्र्याला आज साबणावर किंवा सिमेंटवर करून दाखवता येईल? करणं न करणं त्याच्या मर्जीवर, पण मतदाराला त्याचा हिशेब तरी विचारता येतो. संघराज्याचा एवढा ऐवज आता आपल्याच टाकीत उरलाय. म्हणून सावंतवाडीकर पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाकी भरतो, तेव्हा मी त्याला करबुडवा म्हणत नाही. तो राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीचा अभ्यासदौरा करत असतो.

तेव्हा आपण आत येण्याची घाई करू नये. दर तीन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी आग्रह करील. आपण हसून ‘सहमती होऊ द्या’ म्हणावं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये.

आपला,
रिझर्व्हला आलेला एक स्कूटरवाला

ता. क. : मद्यसम्राटांना वेगळं पत्र लिहीत नाही. त्यांना परिषदेच्या तारखेचीही धास्ती नाही. घटनेने जीएसटीच्या व्याख्येतूनच त्यांना वगळलंय. महामार्गावरच्या त्यांच्या त्या तीन रुपयांचं मात्र तुम्ही आपसांत बघून घ्या.