हजार रुपयांत वेळ कशी पाळावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. तुम्ही स्वस्तातलं डिजिटल घड्याळ घेतलं आहे. घरी पहिला प्रश्न येईल, "पावलं मोजतं का?" नाही मोजत. दुसरा, "ठोके?" तेही नाही. "मग झोप तरी?" झोप तुमची तुम्हीच मोजायची. या चौकशीला न डगमगता तोंड देता आलं की पहिला धडा झाला.

ही मार्गदर्शिका कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू समोर ठेवून लिहिली आहे. १९८९ साली बाजारात आलेलं हे मॉडेल अजूनही जवळपास त्याच रूपात विकलं जातं. वजन २१ ग्रॅम. ते घडवणारे र्‍यूसुके मोरिआई पुढे जी-शॉकसारख्या दणकट घड्याळांकडे वळले, पण खपाच्या बाबतीत ही काळी चौकट कुणाला हार गेलेली नाही. दुसऱ्या कंपनीचं स्वस्त घड्याळ असेल तर बटणं इकडची तिकडे असतील, स्वभाव साधारण हाच.

खरेदी

दुकानात हे हजार-बाराशेच्या आसपास मिळतं, फुटपाथवर दीडशे-दोनशेत. फुटपाथवरचा गृहस्थ "फर्स्ट कॉपी आहे साहेब" असं अभिमानाने सांगतो. निदान खोटं तरी बोलत नाही. अस्सल-नक्कल ओळखायची ठरलेली रीत अशी की उजवीकडचं एकुलतं बटण तीन सेकंद दाबून धरायचं, म्हणजे पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. अलीकडे काही नकलांनाही ही विद्या अवगत झाल्यामुळे परीक्षेत सगळेच पास होतात. शिवाय तेच बटण बारा तासांची वेळ चोवीस तासांत बदलतं. तुम्ही परीक्षा घेऊन घड्याळ परत देता तेव्हा पाचच्या जागी सतरा वाजलेले असतात आणि विक्रेता म्हणतो, "बघा, बिघडवलंत." घाबरू नका, आणखी एकदा दाबा.

वेळ लावणे

बटणं तीनच. डावीकडे वर दिवा, डावीकडे खाली पान उलटायचं, उजवीकडे उरलेली सगळी कामं. खालचं डावं बटण तीनदा दाबलं की गजर आणि स्टॉपवॉच ओलांडून तुम्ही वेळ लावायच्या खोलीत पोचता. सेकंद लुकलुकू लागतात. उजवं बटण दाबलं की सेकंद शून्यावर येतात. त्या क्षणी तिसाच्या पुढे असतील तर मिनिटही एकाने वाढतं, हे नवशिक्याला कुणी सांगत नाही. मग दिव्याच्या बटणाने तास, मिनिटं, महिना, तारीख, वार असं पुढे सरकायचं.

इथे या यंत्राचा मूळ स्वभाव कळतो. ते मागे जात नाही. मिनिटं बेचाळीसवर थांबवायची होती आणि बोट त्रेचाळीसवर गेलं, तर उरलेली एकोणसाठ मिनिटं फिरून यावं लागतं. बटण दाबून धरलं की आकडे सुसाट पळतात, हवा तो आकडा डोळ्यांसमोरून जातो आणि पुन्हा प्रदक्षिणा. अनुभवी माणूस पाच-सहा मिनिटं आधीच हात काढून घेतो आणि उरलेली एकेक टिचकी मारत जातो. मुलांना ही कला दोन मिनिटांत येते. वडीलधाऱ्यांनी ती मुलांकडून शिकायला लाजू नये.

वेळ कुणाची लावावी? मोबाइलची लावली तर ती बरोबर असेल. मुंबईत राहत असाल तर मात्र फलाटावरच्या इंडिकेटरची लावा. ७:४२ची लोकल तुमच्या अचूकपणाची वाट पाहत नाही, ती त्या इंडिकेटरचं ऐकते.

घड्याळाच्या आत क्वार्ट्‌झचा एक चिमुकला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि ही थरथर निम्मी-निम्मी करत पंधरा वेळा भागली की बरोबर एक सेकंद हाती येतो. तरीही कंपनी महिन्याला तीस सेकंदांची चूकभूल आधीच कबूल करून मोकळी होते. मागच्या पिढीने रोज सकाळी चावी देऊन आणि रेडिओशी ताडून एचएमटी वापरलं, तिला हे ऐकवू नका, ती हसेल.

महिना घड्याळाला ठाऊक असतो, पण एरवी ते तो दाखवत नाही, फक्त वार आणि तारीख. वर्ष तर त्याला ठाऊकच नाही. त्यामुळे फेब्रुवारी नेहमी अठ्ठावीसचा. २०२८ साली २९ फेब्रुवारीला तुमच्या मनगटावर १ मार्च उजाडेल. वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी वरच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा करा, आणि तारीख मागे नेता येत नाही हे लक्षात ठेवून महिनाभराची फेरी मारा.

आवाज

दर तासाला टिक-टिक करायची सोय आहे. नवं घड्याळ घेणारा प्रत्येक जण ती हौसेने चालू करतो आणि कशी बंद करायची ते विसरतो. (गजराच्या पानावर जाऊन उजवं बटण, वरची खूण जाईपर्यंत.) तिचा खरा प्रताप नाट्यगृहात कळतो. रात्रीचे नऊ वाजतात, रंगमंचावर बाप मुलीला काहीतरी फार महत्त्वाचं सांगायच्या बेतात असतो आणि आठव्या रांगेतून टिक-टिक येते. मग बाल्कनीतून. मग अगदी पुढून. महिन्याला तीस सेकंदांची जी कबुली होती ती इथे फळाला येते. कुणाचे नऊ आधी वाजतात, कुणाचे नंतर, आणि बापाला बिचाऱ्याला पुरते नऊ वाजेपर्यंत थांबावं लागतं. मोबाइल बंद करायची विनंती नाटकाआधी होते, या घड्याळांना कुणी मोबाइलमध्ये धरत नाही.

गजराबद्दल एवढंच की तो वीस सेकंद वाजतो आणि कर्तव्य संपलं असं मानतो. 'अजून पाच मिनिटं' ही सोय नाही. दुलईखाली हात असेल तर उठतं ते शेजारचं माणूस.

खेळ

घड्याळाला 'स्पोर्ट्‌स' का म्हणतात, हा प्रश्न शेवटी येतोच. उत्तर स्टॉपवॉचमध्ये आहे, आणि इथे थट्टा जरा बाजूला ठेवतो. जिल्ह्याच्या कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पाचला जा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. एखादा थोरला भिडू मैलाच्या दगडाशी उभा असतो, मनगटावर हेच किंवा याचं फुटपाथी भावंड. "पळ रं, दहा सेकंद हायती!" असं तो ओरडतो तेव्हा त्या आकड्यावर कुणाची तरी नोकरी टांगलेली असते. त्याला नाडीचे ठोके नको असतात, उपग्रहावरून काढलेला नकाशा नको असतो. धुळीत पडलं, घामाने भिजलं, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेलं तरी चालेल असं घड्याळ हवं असतं. पन्नास हजारांचं घड्याळ असं कुणी गावभर फिरवत नाही.

आता दोष. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं. पोरगं रेघ ओलांडताना डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत असे पंधरा-वीस भाग सहज निसटतात, त्यामुळे शेवटच्या आकड्यावरून भांडणं करू नयेत. ती होतातच. एक मधली वेळ थांबवून बघता येते, पण फेऱ्यांचा हिशेब घड्याळ ठेवत नाही, त्याला वही लागते. आणि एकोणसाठ मिनिटं एकोणसाठ सेकंद झाले की ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. १६०० मीटरवाल्याला त्याचं सोयरसुतक नाही. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पळणाऱ्याने मात्र किती तास झाले ते बोटांवर मोजावं. एका तासात मॅरेथॉन संपवल्याचा पुरावा मनगटावर घेऊन घरी येणारे हौशी असतात, त्यांना अडवू नये.

पाणी, उजेड, परदेश

'वॉटर रेझिस्ट' लिहिलंय म्हणून विहिरीत उडी मारू नका. पाऊस चालतो, भांडी घासणं चालतं, तोंड धुणं चालतं. पोहायला जाताना काढून ठेवा, आणि ओल्या हाताने बटणं दाबू नका. दिवा हिरवा, इवलासा, डाव्या कोपऱ्यात. त्याने डावीकडचे आकडे उजळतात. उजवीकडच्या सेकंदांचा रात्री अंदाजच घ्यायचा.

परदेशप्रवासाबद्दल एक विचित्र नोंद. २०११ साली ग्वांतानामो बेच्या तुरुंगातली अमेरिकी कागदपत्रं फुटली. त्यांत हेच मॉडेल हातात असणं संशयाची खूण म्हणून नोंदलेलं होतं, कारण स्फोटकांच्या प्रशिक्षणात ते टायमर म्हणून वापरलं जाई, असा तपासयंत्रणेचा दावा होता. एवढं स्वस्त आणि एवढं भरवशाचं असण्याची ही किंमत म्हणायची. तीच खूण मग शाळामास्तरांच्या आणि रिक्षावाल्यांच्या मनगटावरही निघते, हे त्या कारकुनाला कुणी सांगितलं नसावं.

सामाजिक बाजूही बघा. हे घड्याळ जावयाला देता येत नाही. दिलंच तर घरातल्या कुणाला तरी "रोजच्या वापराला" असं लगेच म्हणावं लागतं.

देखभाल

बॅटरी सात वर्षं टिकते असं कंपनी सांगते. पट्ट्याला हे कुणी कळवलेलं नाही. घामाने तो कडक होतो, आधी टोक धरून ठेवणारी कडी तुटते (तिथे पोळीच्या डब्याचं रबर लावतात, चालतं) आणि मग एक दिवस बिजागरीपाशी तडा जातो. नवा पट्टा घ्यावा की नवं घड्याळ, यावर घरात एक संध्याकाळ जाते.

बॅटरी बदलायची वेळ आली तर घड्याळजीच्या समोर उभे राहा आणि बघत राहा. मागे चार बारीक स्क्रू असतात. झाकण निघालं की आवाजाची तबकडी झाकणालाच चिकटलेली दिसेल, आणि यंत्र व तबकडी यांना जोडणारी एक स्प्रिंग, जिऱ्याच्या दाण्याहून फार मोठी नाही. ही स्प्रिंग उडते. काउंटरखाली जाते, घड्याळजी "काही नाही, काही नाही" म्हणतो. नवी बॅटरी बसवल्यावर आत 'एसी' लिहिलेला ठिपका बॅटरीच्या धन बाजूला चिमट्याने क्षणभर जोडायचा असतो. ते विसरलं तर पडद्यावर भलतीच अक्षरं येतात आणि "यंत्रच गेलं" असा निकाल लागतो. विसरलाय असं वाटलं तर नम्रपणे आठवण करा. स्प्रिंग मिळाली तर बसवून घ्या. नाही मिळाली तर घड्याळ तसंच चालू राहील, फक्त मुकं. नाटकाचं तिकीट काढायला हरकत नाही.