फोरके लगीन

कराडजवळच्या मलकापूरची ख्याती नळाला मीटर लावून चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून. पाणी अखंड वाहतं. अडतं ते आमच्या स्टुडिओतलं फुटेज. लग्न फोरकेतच, म्हणजे अतिस्पष्ट व्हिडिओतच हवं, हा नवरदेवाच्या मामांचा हट्ट. सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर तासाला ४५ जीबी; संगणक ४ जीबी रॅमचा. अक्षता हवेतच थांबतात, भटजींचं तोंड उघडं ते उघडंच. दा विंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ संकलनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ग्राफिक्स कार्ड मागतं. घोडी फुकट, खोगीर हजारोंचं! चार पैसे असतील तर आधी रॅम आणि एसएसडी घ्या. नसतील तर प्रॉक्सी, म्हणजे हलकी प्रत, करून तिच्यावर कापाकापी करा. एवढं करून मामा ते लग्न बघणार व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, कराडच्या एसटीत उभ्यानं.