तत्त्वतः तात्या

"तसा माझा तत्त्वतः विरोध नाही," असं म्हणत तात्या उभे राहिले, की आमच्या सोसायटीच्या सभेतले जुनेजाणते सभासद चपला काढून खुर्चीवर मांडी ठोकतात. नुकतेच राहायला आलेले लोक मात्र फसतात. त्यांना वाटतं, विरोध नाही म्हणतायत, म्हणजे ठराव मंजूर, आता चहा. एका तरुण जोडप्याने तर उत्साहाच्या भरात टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर तात्या पाऊण तास बोलले.

तात्या तुम्हाला ठाऊक आहेत. तुमच्याकडे ते नाना असतील, बापू असतील, एखाद्या ठिकाणी माईसुद्धा असतील. पुण्यात सोसायटीला एक सेक्रेटरी असतो आणि विंगला एक तात्या. वयाशी याचा फारसा संबंध नाही. हिंजवडीला नोकरी करणारे तिशीतले तात्याही मी पाहिलेत; कंपनीत नवीन सॉफ्टवेअर आलं की जुनं कसं सोन्यासारखं होतं, याची ते आठवण काढत बसतात. पण अस्सल नमुना आमच्या बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहतो. आणि सेक्रेटरी मी असल्यामुळे तो माझ्या वाट्याला आलेला आहे.

पाइपच्या गॅसचंच घ्या. अर्ज भरून द्यायचा होता, बाकी काही नाही. तात्या म्हणाले, "तत्त्वतः विरोध नाही. पण सिलिंडर संपत आला की हलवून कळतं. पाइपातला गॅस संपत आलाय हे कसं कळणार?" तो संपत नाही, असं कंपनीच्या मुलाने समजावलं. तात्यांनी त्याच्याकडे कणवेने पाहिलं. "न संपणारी वस्तू माझ्या पाहण्यात नाही," म्हणाले, आणि त्याला लिंबू सरबत दिलं. मग बाकीची विंग नळावरच्या गॅसवर पोळ्या भाजू लागली आणि तात्या एकटे सिलिंडर हलवत राहिले. शेवटी काकूंनीच परस्पर अर्ज भरला. आता घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला गॅसचा मीटर दाखवला जातो. परवा त्यांच्या मुलीने इंडक्शनची शेगडी आणली. तात्या म्हणाले, "तत्त्वतः विरोध नाही. पण ज्योत दिसत नाही."

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "सिलिंडर आणला तेव्हा म्हणाले होते, स्टोव्हचा आवाज नसेल तर पेटलाय हे कळणार कसं!"

या माणसाची मेख इथे आहे. तात्यांचा विरोध बदलाला नसतोच, पुढच्या बदलाला असतो. काल ज्याच्याशी भांडले, त्याचाच झेंडा घेऊन ते आज उद्याशी भांडतात. घरचा फोन मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावला होता. पुण्याचे नंबर सहा आकडी होते तेव्हापासून आता आठ आकडी झाले तरी तो काळा डबा कोपऱ्यात विणलेल्या रुमालाखाली बसून आहे. १९८६ मध्ये स्पीड पोस्ट सुरू झालं तेव्हा "पत्राला कसली घाई?" असं त्यांनी विचारलं होतं म्हणे. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट त्याच स्पीड पोस्टात विलीन करून टाकलं, तेव्हा हा माणूस घरात सुतक असल्यासारखा वावरला.

आणि गंमत म्हणजे हे गृहस्थ अडाणी नाहीत. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांचा जन्म गेला. मायक्रॉनच्या खालची गोष्ट असेल तरच "थोडा फरक आहे" म्हणणार. आयुकात विज्ञान दिनाला दार उघडायच्या आधी हजर. तिथले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मुलांना नुसती स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न पाठव, उत्तर सहीसकट पाठवतो, म्हणत. हे कळल्यावर तात्यांनी मुलाला कार्ड लिहायला बसवलं. अक्षर मुलाचं, प्रश्न तात्यांचा. मुलाला कशातलं काही कळलं नव्हतं, असं तो मुलगाच आता सांगतो.

नारळीकरांनी दाभोलकर वगैरे मंडळींबरोबर २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांकडे दिल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणून. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. तात्यांना हा निकाल तोंडपाठ आहे. जिन्यात, रिक्षात, दवाखान्यातल्या बाकावर ते कुणालाही तो ऐकवतात. मग नातीच्या लग्नात पत्रिका का जुळवली, असं मी विचारलं. "तत्त्वतः माझा विश्वास नाही," तात्या म्हणाले. "पण ४६ टक्के म्हणजे अगदी शून्य नाही ना!"

हेल्मेटच्या बाबतीत तर हे शहरच तात्या आहे. २०१९ च्या जानेवारीत सक्ती कडक झाली आणि विरोधात रस्त्यावर उतरायला लोक तयार. तात्यांनी त्या आठवड्यात सोसायटीतल्या पोरांना पार्किंगमध्ये जमवून हेल्मेटचं शास्त्र शिकवलं. डोकं थांबायला जितका जास्त वेळ मिळेल तितका मार कमी. आतला थर्मोकोल स्वतः चेपतो आणि तेवढा वेळ मिळवून देतो. फार सुंदर शिकवलं, खोटं कशाला बोलू. मग पोरांसमोरच स्कूटरला किक मारून उघड्या डोक्याने मंडईत गेले. "हे सगळं वेगाचं गणित आहे," परत आल्यावर म्हणाले. "लक्ष्मी रोडवर वेग कुठून आणू?" आता त्यांनी हेल्मेट घेतलंय. ते हँडलला अडकवलेलं असतं, आणि हँडल अत्यंत सुरक्षित आहे.

कधी कधी वाटतं, तात्यांचं ते वाक्य तात्यांचं नाहीच, ते या गावच्या पाण्यात आहे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला; मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा करायचं होतं. लोकमान्यांची भूमिका थोडक्यात अशी, की सुधारणा हवी, पण ती समाजाने आपणहून करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. तिकडे आगरकर कायद्याच्या बाजूने लेखणी झिजवत होते. दोन्हीकडे विद्वत्ता अफाट. दहा वर्षांच्या मुलींना अर्थातच कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली म्हणून रानडे-टिळकांसारख्या बड्या बड्या मंडळींवर बहिष्काराचं ग्रामण्य झालं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आता दर चौकात अमृततुल्य आहे आणि तिथे उभं राहून लोक मेट्रोला नावं ठेवतात. चहाच्या त्या गोष्टीला आपण हसतो, कारण त्यात कोणाला लागलं नाही. पण याच शहरात १८४८ नंतर भिडे वाड्याच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं. तिथे कोणी 'तत्त्वतः'ची भानगड ठेवली नव्हती. म्हणून तात्यांच्या थट्टेत मी पूर्णपणे रमू शकत नाही. मधेच कुठेतरी हसू अडकतं.

असो. मूळ मुद्दा स्मार्टफोनचा.

मुलाने बंगळुरूहून फोन पाठवला आणि तो सुरू करून द्यायला मला बोलावलं. पहिल्याच पडद्यावर अटी व शर्ती आल्या, खाली 'मी सहमत आहे'. मी अंगठा पुढे केला. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"कशाशी सहमत?"

"तात्या, दाबा हो. सगळे दाबतात."

"सगळे दाबतात म्हणून दाबायचं, तर मग मी जन्मभर व्हर्निअर कशाला धरला? वाचून दाखव."

मी वरून खाली सरकवत गेलो. ते संपेना. शेवटी त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सगळा मजकूर छापून घेतला, स्पायरल बाइंडिंग केलं, आणि चातुर्मासात लोक पोथी लावतात तशी ती लावली. रोज सकाळी आंघोळ झाल्यावर चार पानं. हातात लाल पेन. शुद्धलेखनाच्या चुका आधी सुधारल्या, मग आशयाला हात घातला. जिथे 'कंपनी कोणतीही पूर्वसूचना न देता बदल करू शकेल' असं होतं, तिथे समासात लिहिलं, 'मग मीही करू शकेन.' एका कलमावर नुसतं 'का?' अशा पोथीची एक प्रत त्यांनी कंपनीला रजिस्टर एडीने पाठवली. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. तात्यांच्या मते करार अजून वाटाघाटींच्या टप्प्यावर आहे, त्यामुळे फोन डब्यात आहे आणि डबा शोकेसमध्ये.

पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. तो मी वाचलेला नाही, तुम्हीही नसेल. तात्यांनी वाचला. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत बघायची सोय त्यात आहे, हे कळल्यावर ते हरखले. तेव्हापासून बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या कचेरीत ते मराठी प्रत मागतात. काउंटरवरची मुलगी साहेबांकडे जाते, साहेब आणखी वरच्या साहेबांना फोन लावतात, रांग मागे वळसा घालून जिन्यापर्यंत जाते. रांगेतल्या लोकांची तात्यांबद्दलची मतं इथे देता येण्यासारखी नाहीत.

याच सुमारास आमच्या गेटला अ‍ॅप बसवायचं ठरलं. येणारा-जाणारा, दूधवाला, कामवाल्या मावशी, सगळ्यांची नोंद मोबाइलवर. तात्या उठले. लोकांनी मांडी घातली. "तत्त्वतः विरोध नाही. फक्त एक कलम वाचतो." आणि त्यांनी वाचलं : येणाऱ्याचं नाव आणि नंबर कंपनी तिच्या 'व्यावसायिक भागीदारांना' देऊ शकेल. "आपण आपली सही आपल्यासाठी करू," तात्या म्हणाले, "पण मावशींच्या वतीने सही करणारे आपण कोण?" मागून कोणीतरी चहा निवतोय म्हणालं. ठराव मंजूर झाला. पुढे मावशींना कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का, असे दिवसभर फोन यायला लागले. ते त्या अ‍ॅपमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. मावशींनी मात्र तात्यांना गाठलं. तात्यांनी त्यांना लाल पेनाने अर्ज लिहून दिला, आपल्या काळ्या फोनवरून कंपनीला फोन लावला आणि पलीकडे संगीत वाजत असताना मावशींसमोर तासभर कानाला लावून बसले. काकूंनी दोघांना पोहे दिले. एवढा वेळ त्या बाईंसाठी आम्हा कोणाकडे नव्हता, हेही लिहून ठेवतो.

हा माणूस त्रासदायक आहे, हे मी पुन्हा सांगतो. पण आमच्या चाळीस फ्लॅटांत सही करण्यापूर्वी कागद वाचणारा तो एकटा आहे. आम्ही बाकीचे पुरोगामी. आम्हाला बदल चालतो, कारण आम्हाला काहीच वाचायचं नसतं. उद्या कोणी पडद्यावर 'मी सहमत आहे' असं दाखवून मूत्रपिंड मागितलं, तरी आम्ही आधी अंगठा लावू आणि मग ओटीपी आला नाही म्हणून तक्रार करू.

यंदाची वार्षिक सभा ऑनलाइन घ्यायची ठरली. सूचनेत 'स्थळ : ऑनलाइन' असं मीच छापलं होतं. तात्यांकडे फोन नाही, म्हणजे आहे, पण वाटाघाटीत आहे. माझ्याकडे येऊन बसा, म्हणून सांगितलं तर "बघतो" म्हणाले. ठरलेल्या वेळी वर आम्ही एकमेकांना "आवाज येतोय का?" असं विचारत होतो, तेव्हा तात्या खाली पार्किंगमध्ये नेहमीच्या जागी खुर्ची टाकून बसले होते. वॉचमनने सांगितलं, गणसंख्या नाही म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे अर्धा तास वाट पाहिली आणि मग सभा सुरू केली. वॉचमनलाही बसायला सांगितलं. तो बसला.

आमची सभा चहाशिवायच उरकली. सगळे ठराव अंगठ्यांच्या आणि टाळ्यांच्या चित्रांनी पटापट मंजूर झाले. कोणी उठलं नाही, कोणी बसलं नाही. इतकी शिस्तबद्ध सभा सोसायटीच्या इतिहासात झालेली नाही, असं अध्यक्ष म्हणाले. संपल्यावर मी उगाचच थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी फलकावर तात्यांच्या हस्ताक्षरातलं इतिवृत्त लागलेलं होतं. उपस्थिती, तहकुबी, सगळं रीतसर. खाली चौदा हरकती, लाल शाईत. सेक्रेटरी या नात्याने मला वाचणं भाग होतं. सहावी अशी होती : 'ठराव क्र. ४ व ठराव क्र. ९ हे दोन्ही पाण्याची नवी मोटर घेण्याबाबत असून शब्दशः एकच आहेत. मोटर एकच घ्यावी.'