तिहेरी मुलामा

मेटल डिटेक्टर घेऊन इंग्लंडच्या शेतांतून हिंडणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. एकांना सोन्याची नाणी सापडतात. दुसरे त्याच्या बातम्या वाचून डिटेक्टर विकत घेतात. त्यांना बटणं सापडतात. मी दुसऱ्या जातीचा.

केंटमधल्या शेतमालकाची रीतसर परवानगी काढून मी रविवारी चिखल तुडवतो. हेडफोनमध्ये असा काही गोड सूर वाजतो की हातातलं खोरं थरथरतं. ढेकूळ फोडावं, तर आत चपटी, हिरवट चकती आणि मागे मोडकी कडी. चांदीचं पातळ नाणं आणि चपटं बटण यांत यंत्र भेदभाव करत नाही. समतेचं एवढं कडवं व्रत मी माणसांत पाहिलेलं नाही.

"तेव्हाचे इंग्रज काय उघड्या अंगाने घरी जायचे का रे?" आईने सांगलीहून व्हिडिओ कॉलवर विचारलं. प्रश्न रास्त होता. नांगऱ्याचं एखादं बटण तुटेल, पण त्याच शेतात पलटणीच्या कोटाचं कसं येईल? याचं उत्तर यॉर्कशरमध्ये आहे. ड्यूझबरी आणि बॅटलीच्या गिरण्या जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचं पुन्हा कापड करत. त्याला शॉडी म्हणत. उरलेला चोथा खत म्हणून विकला जाई आणि केंटच्या हॉप्सच्या मळ्यांत पसरला जाई. चिंध्यांबरोबर चुकार बटणंही यायची. म्हणजे शिपाई इथे फिरकला नसेल, त्याचा कोट मात्र येऊन कुजला असेल. एका बटणावर अख्खी लढाई उभी करणारे गृहस्थ आमच्यात आहेत. त्यांना हे सांगायची सोय नाही.

आईने आयुष्यभर शिवणकाम केलं आहे. मी बटण कॅमेऱ्यापुढे धरलं की ती म्हणते, "तोंड नको, पाठ दाखव. कडी आहे की भोकं?" इथले जाणकारही पहिल्यांदा पाठच बघतात. चार भोकांचं, काठावर शिंप्याचं आणि गावाचं नाव असलेलं बटण असेल, तर ते पँटचं, बहुधा गॅलिस अडकवायचं. पलटणीचं असेल तर काम आणखी सोपं. शिपायांच्या बटणांवर पलटणीचा आकडा १७६७पासून आला, कथलाच्या जागी पितळ १८५५मध्ये, आणि १८७१पासून बहुतेकांना एकच राजचिन्ह. आमच्या मावळ्यांच्या बाराबंदीला नाड्या. त्यांच्या मागे कुणी यंत्र फिरवलं, तर कपड्यांपैकी काहीही हाती लागायचं नाही.

पण माझा जीव जडला आहे तो 'ट्रेबल गिल्ट' लिहिलेल्या बटणांवर. ट्रेबल गिल्ट म्हणजे तिहेरी सोन्याचा मुलामा. ही फुशारकी साधारण १९व्या शतकाच्या पूर्वार्धातली, आणि लिहायची कुठे, तर पाठीवर, जिथे ती फक्त शिंप्याला दिसणार! मुलाम्यात इतकी फसवाफसवी चाले की १७९६मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. हिशेब असा : एक इंच व्यासाच्या १४४ बटणांना ५ ग्रेन सोनं. म्हणजे बारा डझन बटणांत मिळून साधारण एक तृतीयांश ग्रॅम. त्यापुढे आपल्याकडचे वन ग्रॅमचे दागिने खानदानी म्हणायचे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुझं सगळं सोनं विकून जिलबीसुद्धा यायची नाही."

मुकुटावरूनही काळ ठरतो. १९०१नंतर राजांच्या बटणांवर गोलसर कमानींचा ट्यूडर मुकुट होता. एलिझाबेथ राणीच्या काळात मधे दबलेल्या कमानींचा आला. आता चार्ल्स राजांनी २०२२मध्ये पुन्हा गोलसर मुकुट निवडला आहे. त्यामुळे शंभर वर्षांनी आमचे वारसदार चिखलात उभे राहून एकमेकांची डोकी फोडणार. मी हे मोठ्या रंगात येऊन सांगत होतो, तर आई म्हणाली, "राजाचं राजा बघेल. एकसारखी सहा सापडली तर कळव. बाबांच्या कोटाला हवी आहेत."

एकसारखी दोनसुद्धा नाहीत.