कॅमेऱ्याच्या अंमलाखाली

दुबई,
शुक्रवार, दोन प्रहर

तीर्थरूप काकांस,

बाळचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपले पत्र पावले. आपण व ती. काकू या हिवाळ्यात इकडे येण्याचे निश्चित केलेत, हे वाचून घरात सर्वांस आनंद झाला. क्षेमसमाचार विचारण्यापूर्वीच आपण जो प्रश्न केलात, म्हणजे येथील पोलीस खरोखरच लॅम्बोर्गिनी नामक मोटारीतून गस्त घालतात की ही वर्तमानपत्रांनी उठवलेली आवई आहे, त्याचे उत्तर प्रथम देतो. कारण सारी हयात न्यायालयाच्या कचेरीत काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसास मूळ मुद्दा बाजूला ठेवून केलेले विषयांतर रुचत नाही, हे मी लहानपणापासून जाणून आहे.

तर वार्ता सत्य आहे. २०१३ साली दुबई पोलिसांच्या ताफ्यात लॅम्बोर्गिनी दाखल झाली, पुढे फेरारी, ॲस्टन मार्टिन आणि बुगाटीही आल्या. आणि त्यांतील ताशी ४०७ किलोमीटर वेगाने धावू शकणारी बुगाटी व्हेरॉन २०१७ मध्ये जगातील सर्वांत वेगवान सेवारत पोलीसगाडी म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात नोंदली गेली. परंतु ही गाडी एखाद्या चोरट्याचा पाठलाग करीत आहे, असे दृश्य पाहावयास मिळेल अशी आशा मात्र धरू नये. बहुधा ती पर्यटकांच्या वर्दळीच्या जागी, बुर्ज खलिफाच्या परिसरात वा समुद्रकिनारी उभी असते. लोक तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात, आणि गणवेशातील अंमलदार सौजन्याने हसत राहतो. जिच्याजवळ जाण्यासाठी सभ्य माणसे आपखुशीने ताटकळतात अशी पोलीसगाडी आपण आपल्या साऱ्या सेवाकाळात सातारा जिल्ह्यात पाहिली नसेल.

या मुलखातील रस्त्यांवर वास्तविक सत्ता गाजवतो तो निराळाच हाकिम. त्याला मिशी नाही, शिट्टी नाही, दंडुका नाही, घरी लग्नकार्य नाही आणि महिनाअखेरीची चणचण नाही. रस्त्याच्या कडेला मुकाट्याने उभी असलेली ती एक पेटी असते. तिच्यातील रडार व कॅमेरा अहोरात्र, रमजानात व दिवाळीत, एकाच निष्ठेने कर्तव्य बजावीत असतात. वेग अधिक झाला की तिच्यातून प्रकाश लखकन चमकतो आणि लवकरच मोबाइलवर दंडाचा संदेश येतो. ‘मुखालफा आला’, म्हणजे दंड बसला, असे शब्द येथील कोणत्याही भारतीय गृहस्थाच्या तोंडून ऐकू आले की समोरचा माणूस प्रथम सांत्वन करतो आणि मग रक्कम विचारतो. आपण आपल्या अमदानीत अनेक फौजदारांना बोलण्यात गुंतवून, त्यांच्या गावचे, मामांचे आणि मास्तरांचे नाव काढून, अखेर चहावर प्रकरण आटोपलेले मी स्वतः पाहिले आहे. त्या वक्तृत्वाचा उपयोग करण्यास येथे पात्रच उपलब्ध नाही. पेटीला मामा नसतो. आणि प्रत्यक्ष अंमलदाराला लाच देऊ पाहणे हा तर असा गंभीर गुन्हा आहे, की त्यापुढे मूळचा दंड दक्षिणेइतका किरकोळ वाटावा.

या हाकिमाच्या कारभारातही प्रांतपरत्वे रिवाज वेगळे आहेत, हे मात्र आपल्यासारख्या कायदेपंडितास रुचेल. दुबईच्या हद्दीत फलकावरील मर्यादेहून ताशी २० किलोमीटरपर्यंत अधिक वेग सहन केला जातो. म्हणून १०० लिहिले असता येथील यच्चयावत जनता ते १२० असे वाचते. शेजारच्या अबूधाबी अमिरातीने ही सवलत ऑगस्ट २०१८ मध्ये रद्द केली आणि पाट्यांवरील आकडेच त्या मानाने वाढवले. तेथे लिहिले असेल तेच वाचावे लागते. परिणामी शेख झायेद मार्गाने अबूधाबीकडे जाताना सरहद्दीचा फलक दिसला की शेकडो मोटारी, एखादी अदृश्य आज्ञा झाल्याप्रमाणे, आपापल्या शिरस्त्यात बदल करतात. त्याच वाटेवर घंतूतजवळ मार्च २००८ मधील एका पहाटे दाट धुक्यात सुमारे २०० वाहने एकमेकांवर आदळून माणसे दगावली होती. हल्ली तेथे धुके पडले की वेगाची मर्यादा ८० वर आणली जाते, आणि १४० ने जाणारा महामार्ग निमूटपणे पाय आखडतो.

दंडाची जंत्री सांगतो, कारण ती ऐकून आपणांस मुंबई इलाख्याच्या जुन्या स्टॅम्प ड्यूटीचीच आठवण होईल. तांबडा दिवा ओलांडल्यास १,००० दिरहम, म्हणजे आपले वीस हजारांवर रुपये. शिवाय मोटार ३० दिवस जप्त आणि परवान्यावर १२ काळे गुण. गाडी चालवताना हाती मोबाइल धरल्यास ८०० दिरहम. पुढील वाहनास खेटून चालवल्यास ४००. खिडकीतून कचरा टाकल्यास १,००० दिरहम. सबब प्रवासात शेंगा खाण्याचा आपला परिपाठ चालू ठेवण्यास हरकत नाही, पण टरफले खिशात ठेवावी लागतील. मळकी मोटार सार्वजनिक जागी बेवारशासारखी सोडून गेल्यास दुबईत ५०० दिरहम. हे काळे गुण एका वर्षात २४ झाले की परवाना निलंबित होतो. गुणांच्या या रोजकीर्दीत माफीचीही तजवीज आहे: शाळा उघडण्याचा दिवस ‘अपघातमुक्त दिवस’ म्हणून पाळतात, त्या दिवशी प्रतिज्ञेवर सही करून निर्दोष गाडी चालवणाऱ्याचे चार काळे गुण वजा होतात. त्या सकाळी शाळेसमोर आढळणारी नम्रता, परस्परांस पुढे जाण्याचा आग्रह आणि मंद स्मिते पाहिली, तर हा सारा समाज नुकताच एखाद्या कीर्तनातून उठून आला आहे, असा परक्याचा समज व्हावा.

चालकाचा परवाना मिळवणे हे येथील स्थलांतरितांच्या आयुष्यातील मौंजीबंधनाइतकेच महत्त्वाचे कार्य समजले जाते. भारतातील परवाना कितीही जुना असो, तो दाखवून येथील परवाना थेट बदलून मिळत नाही. परीक्षेस बसावेच लागते. वीस वर्षे खंबाटकीचा घाट लीलया उतरलेले आमचे एक कोल्हापूरकर स्नेही या परीक्षेत वारंवार नापास झाले. आणि कारण असे, की लेन बदलताना ते आरशात पाहत, परंतु खांद्यावरून मान वळवून मागे पाहत नसत. परीक्षकास पाहणे पुरत नाही. पाहिल्याचे दिसावेही लागते. अखेर ते मान अशा आवेशाने वळवू लागले की परीक्षकाने त्यांना उत्तीर्ण करून टाकले. सौ.ला परवाना माझ्याआधी मिळाला, आणि आपण आल्यावर सारथ्य तीच करील. ती चालवीत असता बैठकीतून ‘डावीकडून घे, जागा आहे’ असा सल्ला देण्याचा मोह कृपया आवरावा.

किरकोळ धडक झाली असता काय होते, तेही सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे दोन वाहनांचा स्पर्श झाला की क्षणार्धात पंच जमतात, साक्षी होतात, दोन्ही पक्षांची खानदानी चौकशी होते आणि निवाडाही जागच्या जागी लागतो. येथे गाड्या प्रथम बाजूला घ्याव्या लागतात, मग पोलिसांना कळवावे लागते. निर्दोष ठरलेल्यास हिरवा कागद आणि दोषी ठरलेल्यास तांबूस कागद मिळतो, आणि असा कागद हाती असल्याविना कोणताही कारागीर मोटारीच्या पत्र्यास हात लावीत नाही. दस्तऐवजाविना हातोडी उचलावयाची नाही, हा दंडक ऐकून आपल्यातील शिरस्तेदार सुखावेल. उलट, अपघात पाहण्याकरिता गर्दी करणाऱ्या बघ्यास १,००० दिरहम दंड आहे, हे ऐकून आपल्यातील सातारकर खिन्न होईल.

ती. काकूंस विशेष निरोप. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर त्या उजवा तळहात उंचावून एस.टी. थांबवतात, हे मी अभिमानाने येथील मित्रांस सांगत आलो आहे. परंतु तो प्रयोग येथे करू नये. ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र रस्ता ओलांडल्यास ४०० दिरहम दंड आहे, आणि २९ मार्च २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यात ताशी ८० किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाच्या रस्त्यासाठी थेट कैदेची तरतूद झाली आहे. त्यांनी पादचारी पट्ट्यावर नुसते पाऊल ठेवावे. वाहन थांबलेच पाहिजे, न थांबल्यास चालकास ५०० दिरहम आणि सहा काळे गुण. मुंबईहून आलेले पाहुणे प्रथम या पट्ट्याशी थबकतात, मोटारही थबकते. पाहुणे हाताने ‘आपण व्हा पुढे’ म्हणतात, चालक हाताने ‘आपण’ म्हणतो. आणि या आदरसत्कारात मागे मोटारींची रांग लागते, तरी कर्णा कोणी वाजवीत नाही. आमच्या धाकटीचा जन्म येथलाच. गावी आली असता हा कर्ण्यांचा सततचा आवाज कसला म्हणून तिने विचारले, तेव्हा तो वाहनांचा परस्परांशी चाललेला संवाद आहे, एवढेच मला सांगता आले. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांस महाराष्ट्रातील परिवहन खात्याने २०१५ सालीच मनाई केली. आवाजाने ती मनाई अद्याप वाचलेली नाही.

यावरून येथे रामराज्य अवतरले आहे, असे मात्र समजू नये. कॅमेऱ्याअलीकडे वेग कमी करून पलीकडे पुन्हा वाढवण्याची कला येथील प्रत्येक चालकास अवगत आहे. डावीकडच्या वेगवान लेनमध्ये मागून एखादी धिप्पाड पांढरी मोटार दिव्यांची उघडझाप करीत आली की मोठमोठे स्वाभिमानी गृहस्थ क्षणात उजवीकडे सरतात. दोन डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनास काही अमिराती थकीत दंडावर ५० टक्के सूट देतात, म्हणून नोव्हेंबरात दंड भरणारास लोक भोळा समजतात. लोकअदालतीत तडजोड होईल म्हणून ई-चलान उशाशी घेऊन निजणारे आपले बंधू यांचेच सगोत्र. आणि आम्ही घरी बसून मागवलेले जेवण दुचाकीवरून पोहोचवणारी जी मुले, बहुतांशी आपल्याच उपखंडातली, कडक उन्हात या महाकाय मोटारींच्या मधून वाट काढतात, त्यांच्या जिवाची धास्ती मला अद्यापही वाटते.

तरीही एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. येथील रस्ते व परिवहन प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २००७ साली दुबईत दर लाख वस्तीमागे २१.९ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडत. २०२३ साली हे प्रमाण १.६ वर आले. आपल्या देशात २०२२ साली १,६८,४९१ माणसे रस्त्यावर दगावली, म्हणजे दर लाखामागे सुमारे बारा. याचा अर्थ असा, की २००७ ची दुबई आजच्या भारताहून घातक होती. आणि मधल्या काळात येथील रहिवासी काही स्वित्झर्लंडहून आणून वसवलेले नाहीत. तेव्हाही रस्त्यावर प्रामुख्याने परदेशी, त्यांतही आपण व आपले शेजारीच होतो, आणि आजही आपणच आहोत. बदलले ते रस्ते, पादचारी पूल, २००९ साली सुरू झालेली मेट्रो, आणि सर्वांत अधिक, दंड चुकत नाही ही खात्री. ‘आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही’ हे जे आपण नेहमी म्हणता, त्याच्याविरुद्ध हा माझा पुरावा आहे. येथे तीळमात्र नियमभंग न करणारा मराठी गृहस्थ मुंबईच्या विमानतळावर उतरून टॅक्सीत बसला की वाशीचा पूल येण्यापूर्वीच आसनाचा पट्टा सोडून सैलावतो. रक्त तेच असते, अंमल मात्र मागे राहिलेला असतो.

भीतीपोटी आलेले शहाणपण हे खरे शहाणपण नव्हे, असे आपण म्हणाल. मान्य आहे, परंतु भीती पहिल्या पिढीस पुरते, पुढच्या पिढीस तीच गोष्ट सवयीने येते. आमची धाकटी पट्टा बांधते ती ४०० दिरहमांच्या धाकाने नव्हे. न बांधता बसता येते, हेच तिला ठाऊक नाही. आपल्याकडे केंद्राने २०१९ साली दंड वाढवले, तेव्हा महाराष्ट्राने ते लागू करण्यास डिसेंबर २०२१ उजाडू दिला. आणि त्याच २०१९ च्या आरंभी पुण्यात शिरस्त्राणाच्या सक्तीविरुद्ध सुशिक्षित नागरिकांनी मोर्चा काढला. ज्या वस्तूने डोके वाचते तिच्याविरुद्ध डोके चालवण्याचा हा मान पुण्यनगरीकडेच राहो.

आता एकच विनंती, आणि ती येथील नव्हे, तेथील प्रवासाची. आपण साताऱ्याहून मुंबई विमानतळावर भाड्याच्या मोटारीने येणार, आणि नेहमीप्रमाणे दोघेही मागे बसणार. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणारासही पट्टा बंधनकारक असल्याचे आपलाच कायदा सांगतो, आणि न बांधल्यास १,००० रुपये दंडही त्यात लिहिलेला आहे. तो कोणी वसूल करील की नाही, याची वाट न पाहता आपण उभयतांनी घराच्या दारातच पट्टे बांधावेत. चालकाने सीटखाली दडपून ठेवले असतील तर ते काढून घ्यावेत, आणि त्याने हसून ‘आजोबा, मागे कोण विचारतंय’ म्हटले, तर पुतण्या विचारतो आहे म्हणून सांगावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
बाळ